मैत्री क्लिनिकबाहेरचा बाक: एक प्रकरण अभ्यास

मी ज्या ग्रामीण रुग्णालयात किशोरवयीन मुलामुलींची समुपदेशक आहे, त्याच्या फाटकासमोरच गावातलं मोठं हायस्कूल आहे. मध्ये एक रस्ता आणि एक रसवंती. मधल्या सुट्टीत मुलं रसवंतीवर येतात, झेरॉक्सच्या दुकानात येतात, उन्हाळ्यात आमच्या आवारातल्या नळावर पाणी प्यायलाही येतात. माझ्या मैत्री क्लिनिकमध्ये, म्हणजे त्यांच्यासाठीच्या सल्ल्याच्या खोलीत, मात्र येत नव्हती. पहिलं वर्षभर माझ्या रजिस्टरमध्ये ज्या नोंदी झाल्या, त्यातल्या बहुतेक आशाताईंनी हाताला धरून आणलेल्या मुलींच्या होत्या. स्वतःच्या पायांनी आलेलं मूल शोधावं लागायचं.

हे प्रकरण त्या रिकाम्या खोलीचं आहे, आणि त्या खोलीत शेवटी आलेल्या एका मुलीचं. ती मराठवाड्यातली, नववीतली, ऊसतोड कामगाराच्या घरातली. तिची ओळख पटेल असे तपशील मी बदलले किंवा गाळले आहेत, आणि लिहिण्याआधी तिला व तिच्या आईला विचारलं आहे. गावाचं, शाळेचं, रुग्णालयाचं नाव इथे येणार नाही.

खोली रिकामी का होती

राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम ७ जानेवारी २०१४ ला सुरू झाला. १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी रुग्णालयांत वेगळी क्लिनिकं असावीत, तिथे समुपदेशक असावा, हा त्याचा एक भाग. महाराष्ट्रात त्यांना मैत्री क्लिनिक म्हणतात. त्याआधीचा कार्यक्रम मुख्यतः लैंगिक आणि प्रजनन आरोग्यापुरता होता; त्याचं 'अर्श' हे नाव जुन्या कर्मचाऱ्यांच्या तोंडी अजून आहे. नव्या कार्यक्रमात पोषण, मानसिक आरोग्य, व्यसन, हिंसा आणि इजा, पुढे होऊ शकणारे मधुमेह-रक्तदाबासारखे आजार हे सगळं आलं. कागदावर दार मोठं झालं होतं. आमच्याकडे पाटी जुनीच राहिली होती: 'किशोरवयीन लैंगिक व प्रजनन आरोग्य सल्ला केंद्र', ठळक निळ्या अक्षरांत.

त्या पाटीखाली एक लोखंडी बाक होता. डाव्या हाताला एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणीची खोली, उजव्या हाताला गरोदर मातांची तपासणी. म्हणजे माझ्याकडे यायचं तर मुलीला त्या दोन दारांच्या मध्ये बसावं लागणार. तपासणीला आलेल्या बायांमध्ये तिच्या गावातली एक तरी असायचीच. "कोणाची गं तू? हितं कशाला बसलीस?" या विचारण्यात वाईट काही नसतं. आमच्या भागात एकट्या बसलेल्या लेकराला असंच विचारतात. पण त्या प्रश्नाचं उत्तर मुलगी घरी पोचायच्या आत घरी पोचलेलं असतं.

वेळेचंही तसंच. आमची ओपीडी सकाळी, आणि मग चार ते सहा. शाळा अकरा ते पाच. पाच वाजता शाळा सुटली की बाहेरगावच्या मुली एसटीकडे पळतात, कारण ती गाडी चुकली तर मुक्कामाच्या गाडीशिवाय दुसरी नाही. शाळेच्या दारात क्लिनिक असूनही मुलींना त्यात पाय टाकायला आठवड्यात एक तासही मोकळा नव्हता.

हे मला पहिल्या महिन्यात दिसायला हवं होतं. मी मात्र 'जनजागृती कमी पडतेय' असं अहवालात लिहीत राहिले आणि आणखी पोस्टर लावत राहिले.

सेंट पॉलची गोष्ट

त्या दिवसांत वाचताना एक जुना दाखला हाती लागला. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातलं सेंट पॉल शहर, तिथलं मेकॅनिक आर्ट्स हायस्कूल. १९७३ साली या शाळेत किशोरवयीनांसाठी क्लिनिक सुरू झालं. हायस्कुलातलं या प्रकारचं ते पहिलं क्लिनिक मानतात. गरोदर विद्यार्थिनींची तपासणी, कुटुंबनियोजनाचा सल्ला, गुप्तरोगांची तपासणी अशा सेवा होत्या. मुलं येईनात. त्या दारात शिरणाऱ्या मुलीकडे सगळी शाळा एकाच नजरेने बघणार, हे उघड होतं. मग तिथल्या लोकांनी सेवा वाढवल्या: खेळाडूंची शारीरिक तपासणी, लसीकरण, वजनाबद्दलचा सल्ला. येणाऱ्यांची संख्या वाढली. आत कोण कशासाठी गेलं, हे बाहेरून कळेनासं झालं.

वाचून मी बराच वेळ आमच्या बाकाकडे बघत बसले. पन्नास वर्षांपूर्वी, इतक्या दूर, अगदी हीच अडचण. मुलाला आत यायला एक साधं, चारचौघांत सांगता येईल असं कारण हवं. खरं कारण ते नंतर सांगेल, किंवा सांगणार नाही.

त्या दाखल्याचा पुढचा भागही सांगायला हवा. क्लिनिकमुळे विद्यार्थिनींमधली बाळंतपणं खूप घटली, असे आकडे सुरुवातीला गाजले. १९९३ मध्ये संशोधक डग्लस कर्बी आणि सहकाऱ्यांनी जन्मनोंदी पुन्हा तपासल्या, तेव्हा शाळाभरातला जन्मदर क्लिनिकमुळे घटला असं काही दिसलं नाही. मला यात निराश होण्यासारखं वाटत नाही. पण एका आकड्याच्या वचनावर क्लिनिक उभं करू नये, एवढं त्यातून नक्की कळतं.

काय बदललं

वैद्यकीय अधीक्षकांनी ऐकून घेतलं, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. मैत्रीची खोली हलवून नेत्रतपासणी आणि दातांच्या खोलीशेजारी आणली. दार आवारातल्या कडुनिंबाच्या बाजूला उघडतं. शनिवारी सकाळची शाळा असते, ती सुटल्यावर एसटी यायला दीड तास असतो. तो वेळ फक्त मुलांसाठी ठेवला. पाटी नवी रंगवली: 'मैत्री. उंची, वजन, डोळे, दात, चेहऱ्यावरच्या पुटकुळ्या, पाळी, अभ्यासाचं टेन्शन, काहीही.' रंगाऱ्याने 'काहीही' हा शब्द दोनदा विचारून घेतला.

आधी आली ती मुलं, आणि आली ती उंची मोजायला. पोलीस भरतीला मुलांना १६५ सेंटिमीटर उंची लागते, आणि आमच्याकडे नववीपासूनच्या पोरांच्या डोक्यात भरती असते. उंचीच्या पट्टीला टाच लावून उभं राहायचं, श्वास आत ओढायचा, आणि मग "मॅडम, अजून किती वाढंल?" त्या पट्टीपाशी उभं राहून त्यांनी मला काय काय विचारलं! गुटखा सोडल्यावर डोकं दुखतं का. एका बाजूचा खांदा खाली का. आणि खूप घुटमळून, सोबतच्या मित्राला बाहेर पाठवून, रात्री झोपेत जे होतं त्याने अशक्तपणा येतो का.

या शेवटच्या गोष्टीला आपण मराठीत 'स्वप्नदोष' म्हणतो. वयात येताना शरीर जे अगदी स्वाभाविकपणे करतं, त्याच्या नावातच दोष. मुलगा डॉक्टरकडे येण्याआधी शब्दानेच त्याला आजारी ठरवलेलं असतं. मी तो शब्द वापरणं सोडलं आहे. 'झोपेत वीर्य बाहेर येणं' असं सरळ म्हणते. पहिल्यांदा ऐकताना मुलं खाली बघतात, दुसऱ्यांदा नाही.

मुली आल्या पुटकुळ्यांसाठी. तीही तशीच आली.

ती

मैत्रिणीबरोबर आली, दोघींनी एकच प्रश्न विचारला: चेहऱ्याला काय लावायचं? टीव्हीवरच्या क्रीमचं नाव सांगून ते चांगलं का, असंही विचारलं. मी दोघींची उंची-वजन घेतलं, चेहरा कसा धुवायचा ते सांगितलं, आणि डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. मैत्रिणीची गुलाबी होती. हिची कागदासारखी पांढरी. नखंही तशीच.

प्रयोगशाळेतून हिमोग्लोबिन आलं ८.४. या वयाच्या मुलीला किमान १२ हवं. देशात १५ ते १९ वयाच्या मुलींमध्ये रक्तक्षय असलेल्यांचं प्रमाण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ५९.१ टक्के आलं. त्याआधीच्या सर्वेक्षणात ते ५४.१ होतं. म्हणजे ती काही वेगळी नव्हती. अंधारी येते का विचारलं, तर म्हणाली, "येती की. समद्यांनाच येती."

शाळेत दर सोमवारी लोहाची निळी गोळी मिळते. २०१३ पासून साप्ताहिक गोळीचा कार्यक्रम आहे. ती गोळी घेते का? आधी हो म्हणाली. मग दप्तराच्या बाजूच्या कप्प्यातून कंपासपेटी काढली, उघडली, आणि पेन्सिलच्या तुकड्यांमध्ये पडलेल्या गोळ्या दाखवल्या. निळा रंग कर्कटकाला लागला होता. मळमळतं म्हणून ती जिभेखाली धरायची आणि बाई पुढच्या रांगेत गेल्या की काढायची. वर्गात असंही पसरलं होतं की या गोळीने पुढे मूल होत नाही.

मळमळतं का, याचा माग काढायला मला दोन सोमवार शाळेत बसावं लागलं. ही गोळी जेवणानंतर घ्यायची असते. शाळेतलं पोषण आहाराचं जेवण आठवीपर्यंतच असतं. सहावी ते आठवीच्या मुली खिचडी खाऊन गोळी घेत होत्या, त्यांची तक्रार फारशी नव्हती. नववी-दहावीच्या मुलींना खिचडी नाही, आणि त्यांना गोळी परिपाठानंतर लगेच मिळायची. बाहेरगावची मुलगी आठ वाजता चहाबरोबर दोन बटरं खाऊन निघालेली. अकरा वाजता रिकाम्या पोटी लोह पडलं की मळमळणारच. एका मुलीला वर्गात उलटी झाली, आणि तिथून 'गोळी वाईट' ही बातमी निघाली.

मुख्याध्यापकांनी नववी-दहावीची गोळी मधल्या सुट्टीत, डबा खाल्ल्यावर द्यायला सुरुवात केली. यासाठी ना पैसा लागला, ना आदेश. वर्षानुवर्षं गोळ्या कंपासपेट्यांत जात होत्या आणि आमच्या तक्त्यात त्या 'सेवन' या रकान्यात होत्या. गोळीने शी काळी होते आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही, हेही आधी कुणी सांगितलं नव्हतं. चहा गोळीपासून लांब ठेवायचा, लिंबू मात्र चालतं, हे मुलींना पटकन पटलं, कारण लिंबू घरचंच होतं.

तिची गोष्ट गोळीवर थांबणारी नव्हती. पाळी आठ-नऊ दिवस जायची. "अडचण" हाच शब्द ती वापरायची. त्या दिवसांत आजी बाजूला बसवायची, आणि कापड वाळत घालायला उन्हाची जागा नव्हती. आमच्या महिला वैद्यकीय अधिकाऱ्यांनी तिला तपासलं, रक्तस्रावासाठी औषध दिलं, जंताची गोळी दिली. उपचार म्हणून लोहाच्या दोन गोळ्या रोज, तीन महिने.

माझी चूक

दुसऱ्या शनिवारी ती आली नाही. मला काळजी वाटली. मी वर्गशिक्षिकांना चिठ्ठी पाठवली: अमुक विद्यार्थिनीस शनिवारी रुग्णालयात पाठवावे. बाईंनी ती चिठ्ठी चांगल्या मनाने वर्गात वाचली.

त्यानंतर ती तीन शनिवार आली नाही. आली तेव्हा दारातच उभी राहिली. "मॅडम, तुमी मला दवाखान्यात बोलावलं म्हणून सांगितलं. पोरं म्हनाली, हिला काय झालंय."

मी तिची माफी मागितली. खोली हलवून, दार फिरवून, पाटी बदलून जे कमावलं होतं, ते मी एका चिठ्ठीने घालवलं होतं. तेव्हापासून शाळेला मी कुणाचंही नाव कळवत नाही. पुढची तारीख मुलीच्या हातातल्या कार्डावर, आणि ते कार्ड चष्म्याच्या नंबराच्या कार्डासारखंच दिसतं. नाही आली तर थांबायचं. थांबणं फार जड जातं, विशेषतः हिमोग्लोबिन ८.४ असताना.

त्याच दिवसापासून प्रत्येक मुलाला पहिल्या भेटीत एक गोष्ट आधी सांगते: "तू सांगशील ते इथेच राहील. पण कुणी तुला त्रास देत असेल, हात लावत असेल किंवा तुझ्या जिवाला धोका असेल, तर ते मला पुढे कळवावं लागतं. तुला सांगितल्याशिवाय कळवणार नाही." २०१२ च्या पोक्सो कायद्यात, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्यात, १८ वर्षांखालचं प्रत्येक जण बालक आहे, आणि कलम १९ प्रमाणे लैंगिक अत्याचाराची माहिती असणाऱ्याने ती कळवणं बंधनकारक आहे. दोघांच्या मर्जीने जवळ आलेली सोळा-सतरा वर्षांची मुलंही त्यात येतात. अत्याचार झालेल्या लेकरासाठी हा कायदा हवाच, त्यात मला तिळमात्र शंका नाही. पण गुपित सुटेल या भीतीने मुलगी आमच्या दारातून मागे फिरते आणि गर्भपातासाठी कुठल्यातरी भोंदूकडे जाते, हेही खरं आहे. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली, तर तिच्या आणि पालकांच्या विनंतीवरून डॉक्टरांनी पोक्सोच्या कळवणीत तिचं नाव आणि ओळख उघड करण्याची गरज नाही. हे प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात ठाऊक असायला हवं. ते तसं नाही.

चौथी भेट

दसऱ्याच्या आधीचा शनिवार. हिमोग्लोबिन बघायला आली होती. बोट टोचून झालं, कापूस दाबून बसली, आणि म्हणाली, "मॅडम, मला बघून गेले. टोळी जायच्या आत उरकायचं म्हनतेत."

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, आणि मजुरांची टोळी कारखान्यावर नेणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्यावर. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुलाचं लग्न झालं की त्या घरात एक कोयता वाढतो. दुसऱ्या बाजूला मुलीच्या आईबापाला दिवाळीच्या सुमारास पाच-सहा महिन्यांसाठी कारखान्यावर जायचं असतं. वयात आलेल्या पोरीला सोबत न्यावं तर उसाच्या फडात, पालात ठेवायचं; मागे ठेवावं तर म्हाताऱ्या आजीजवळ. लग्न हा त्यांना दिसणारा तिसरा मार्ग.

बालविवाह प्रतिबंधक अधिकारी गावात ग्रामसेवक असतो. १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करता येतो. मी तिला हे सांगितलं. ती रडली नाही, म्हणाली, "फोन केला तर मीच सांगितलं म्हनत्याल." तिचं म्हणणं बरोबर होतं. मग मी तिला विचारलं, तुझ्या आईशी बोलू का? कशासाठी बोलावलं सांगायचं, तर तिच्या रक्तासाठी. ते कारण खरंच होतं.

आई आली ती कंबर धरून. तिचंही रक्त तपासलं. लेकीपेक्षा थोडंच जास्त निघालं. लग्न पंधराव्या वर्षी झालेलं, गर्भपिशवी तिशीच्या आत काढलेली. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या काढण्याचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला होता. माझ्यापुढे त्यातलीच एक बाई बसली होती. मी शरीराबद्दल बोलले: इतक्या कमी रक्तावर दिवस राहिले तर बाळंतपणात काय होऊ शकतं. कायद्याचं शेवटी, एका वाक्यात. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "लग्नाची हौस मला हाय का? मागं कुणाच्या भरवशावर ठिवू, ते सांगा."

या प्रश्नाला समुपदेशनाने उत्तर मिळत नाही. त्याचं उत्तर म्हणजे कुलूप असलेली खोली, दोन वेळचं जेवण आणि शाळेच्या जवळची जागा. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृहांची शासकीय योजना आहे. मुख्याध्यापकांनी अर्ज भरला, मी वैद्यकीय दाखला दिला, आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आईची एक रोजंदारी गेली. ग्रामसेवकांना मी तिचं नाव सांगितलं नाही. गावात या हंगामात सगळ्यांना समज द्या, एवढीच विनंती केली. त्यांनी ग्रामसभेत कायदा वाचून दाखवला आणि मंडपवाला, आचारी, भटजी सगळ्यांनाच शिक्षा होऊ शकते असं सांगितलं. मुलाकडच्यांनी 'पुढच्या वर्षी बघू' म्हटलं.

टोळी गेली. ती वसतिगृहात राहिली.

आज

तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन १०.६ झालं. अजून बारा नाही. वसतिगृहात जेवणाला लागूनच चहा मिळतो, त्याबद्दल मी बोलले आहे. पाळी आता पाच-सहा दिवसांवर आली आहे. पुटकुळ्या तशाच आहेत, आणि दर वेळी ती आधी त्यांबद्दलच विचारते.

लग्न मोडलेलं नाही, लांबलेलं आहे. मुलाकडचे पुन्हा येतील तेव्हा ती सोळाची असेल आणि दहावीत असेल.

माझ्या मासिक अहवालात एकूण लाभार्थी किती, समुपदेशन किती, गोळ्या किती, हे रकाने आहेत. लांबलेल्या लग्नाला रकाना नाही. माझं पद कंत्राटी आहे. मागच्या उन्हाळ्यात मी आजारी होते तेव्हा खोलीला पंधरा दिवस कुलूप होतं, आणि त्यातल्या एका शनिवारी कोण कोण येऊन परत गेलं, ते मला कधीच कळणार नाही. आता नेत्र विभागातले सहकारी माझ्या गैरहजेरीत निदान दार उघडून उंची-वजन घेतात. जुना लोखंडी बाक अजून गरोदर मातांच्या दाराशी आहे. त्यावर आता बाया बसतात.

तिच्या कार्डावर पुढची तारीख शनिवारची आहे. त्या दिवशी रक्त पुन्हा तपासायचं आहे, आणि अकरावीचा अर्ज कधी भरतात ते तिला माझ्याकडून जाणून घ्यायचं आहे.